संक्षेपाची किल्ली : जयपूरविषयक मराठी कागदपत्रे आणि संक्षेपांचे संगणकीय व्यवस्थापन

१. विषयप्रवेश

कोणताही संक्षेप हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करार असतो. लिहिणारा शब्दाचा काही भाग गाळतो, कारण गाळलेला भाग वाचणारा मनातल्या मनात भरून काढील अशी त्याला खात्री असते. ही खात्री ज्या समूहात असते तेथे संक्षेप हे सोयीचे साधन ठरते. मजकूर एका समूहातून दुसऱ्या समूहात, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत किंवा एका शतकातून दुसऱ्या शतकात गेला की किल्ली मागे राहते आणि कुलूप तेवढे हाती येते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा सारा व्यवहार अशा स्थलांतरित मजकुरांशीच असल्यामुळे संक्षेप हा त्याच्या दृष्टीने केवळ लेखनिकाच्या सवयीचा विषय राहत नाही.

आधुनिक तांत्रिक दस्तऐवजांच्या क्षेत्रात हा प्रश्न रोजचा आहे. विमानाच्या देखभालीची पुस्तिका असो वा संगणकप्रणालीचे माहितीपत्रक, त्यांत शेकडो आद्याक्षरी रूपे येतात. त्यांचा विस्तार कोठे द्यावा, तो सर्वत्र एकसारखा कसा राहावा आणि एकाच रूपाचे दोन अर्थ झाले तर काय करावे, यासाठी त्या क्षेत्राने काही पद्धती व साधने घडविली. या पद्धतींचा जुन्या मराठी कागदपत्रांच्या संपादनाला काय उपयोग होऊ शकतो आणि तो उपयोग कोठे संपतो, याचा विचार प्रस्तुत लेखात अठराव्या शतकातील जयपूरविषयक कागदांच्या संदर्भात केला आहे.

२. जयपूरची निवड का?

सवाई जयसिंहाने वसविलेल्या जयपूर नगराचा आणि मराठ्यांचा संबंध अठराव्या शतकात अखंड राहिला. १७४३ मध्ये जयसिंहाचा मृत्यू झाल्यावर ईश्वरीसिंह व माधोसिंह यांच्यात वारसाचा झगडा सुरू झाला आणि शिंदे-होळकरांच्या फौजा त्यात ओढल्या गेल्या. १७४८ ची बगरूची लढाई, १७५० च्या अखेरीस ईश्वरीसिंहाने केलेली आत्महत्या, जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात झालेली मराठ्यांची कत्तल आणि १७८७ ची लालसोटची मोहीम हे या संबंधांतील ठळक टप्पे होत. या प्रत्येक प्रसंगी पत्रे लिहिली गेली. मराठी सरदार, कारकून आणि वकील पुण्याला मोडीत कळवीत होते. जयपूर दरबारचे वकील आपल्या धन्यास ढूंढाडी व फारसीत कळवीत होते.

मराठी बाजूची पुष्कळ पत्रे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतून १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाली. जयपूर संस्थानचे वकील-अहवाल, अर्जदाश्त, दस्तूर कौमवार इत्यादी दफ्तर राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. या अभिलेखागाराची स्थापना १९५५ मध्ये जयपुरात झाली आणि १९६० मध्ये ते बिकानेरला हलविण्यात आले. राजघराण्याच्या कपडद्वारातील ऐतिहासिक कागदांची सूची गोपालनारायण बहुरा आणि चंद्रमणी सिंह यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंची साधने एकत्र वाचण्याचा उद्योग जदुनाथ सरकार यांनी केला. त्यांचा जयपूरचा इतिहास लिहून झाल्यावर कित्येक वर्षांनी, १९८४ मध्ये, रघुवीर सिंह यांच्या संपादनाने प्रकाशात आला.

एकाच घटनेविषयी दोन दरबारांच्या दोन लेखनपरंपरा येथे समोरासमोर उभ्या राहतात, आणि दोन्ही परंपरा संक्षेपांनी गजबजलेल्या आहेत. जयपूरची निवड करण्याचे कारण हेच.

३. मराठी कागदांतील संक्षेपांचे स्वरूप

मोडी लेखनात शब्दाचे पहिले अक्षर वा पहिला अक्षरगट लिहून त्यापुढे दोन उभ्या रेघा ओढण्याचा प्रघात होता. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, त॥ म्हणजे तर्फ, वे॥ म्हणजे वेदमूर्ती, चि॥ म्हणजे चिरंजीव, मु॥ म्हणजे मुक्काम, सु॥ म्हणजे सुहूर सन. छापील ग्रंथांत ही खूण तीन प्रकारांनी उतरलेली दिसते : काही ठिकाणी दंडाच्या रूपाने, काही ठिकाणी कान्याला जोडलेल्या दुसऱ्या कान्याच्या रूपाने, तर काही ठिकाणी साध्या टिंबाच्या रूपाने. युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ मध्ये, मोडी लिपीला स्वतंत्र स्थान मिळाले तेव्हा तिच्या संचात संक्षेपासाठी एक वेगळे चिन्ह दिले गेले. मोडी लेखनात संक्षेप ही नैमित्तिक बाब नसून लिपिव्यवस्थेचाच भाग होती, याची ही एक प्रकारे नोंदच म्हणता येईल.

या संक्षेपांचा विस्तार कळण्यात तीन प्रकारच्या अडचणी येतात.

पहिली अडचण अनेकार्थतेची. रा॥ हे रूप पत्राच्या मायन्यात व्यक्तिनामापूर्वी आले तर ते ‘राजश्री’ असते. तेच रूप पत्राच्या शेवटी तारखेपूर्वी आले तर ते ‘रवाना’ असते, म्हणजे पत्र कोणत्या दिवशी निघाले त्याची नोंद असते. पा॥ हे रूप गावाच्या नावाआधी ‘परगणे’ असते. ‘पत्र पा॥ ते पावले’ अशा वाक्यात ते ‘पाठविले’ होते. अर्थ चिन्हात नसून त्याच्या स्थानात आहे.

दुसरी अडचण खुणेच्या अनेकार्थतेची, आणि ती अधिक फसवी आहे. मराठी हिशेबांत अंकापुढची एक उभी रेघ पाव दाखविते, दोन रेघा अर्धा दाखवितात, तीन रेघा पाऊण दाखवितात. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. याखेरीज तोच दंड वाक्याच्या वा ओवीच्या समाप्तीसाठीही येतो. एकच रेघ अशा प्रकारे शब्द तोडते, संख्या वाढविते आणि वाक्य संपविते. सर्व दंड ‘संक्षेपचिन्ह’ समजून सरसकट काढून टाकले, तर साडेचार रुपयांचे चार होतात आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरी अडचण कालनिर्देशाची. मराठी पत्राच्या अखेरीस सामान्यतः छ, त्यापुढे दिवसाचा अंक, मग मुसलमानी महिन्याचे नाव आणि सु॥ नंतर अरबी संख्यावाचकांत सन असतो. यातील ‘छ’ हे अक्षर ‘चंद्र’ असे वाचले जाते. सनाचा आकडा शब्दांत आणि एककापासून आरंभ करून दिलेला असतो. ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे एक, पन्नास, शंभर आणि हजार, अर्थात ११५१. सुहूर सनात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन मिळतो. जानेवारी महिन्यासाठी ६०० मिळवावे लागतात. जयपुरातील कत्तलीचा जानेवारी १७५१ हा महिना सुहूर ११५१ मध्ये पडतो तो असा. त्याच महिन्यासाठी शक १६७२ आहे, विक्रम संवत् १८०७ आहे आणि हिजरी सन ११६४ आहे. दोन दरबारांचे कागद जुळविताना चार गणनांची ही गुंतागुंत संक्षिप्त रूपांतूनच उलगडावी लागते.

४. ‘सुदी’ आणि ‘वदी’ : आद्याक्षरांतून घडलेले शब्द

जयपूरच्या बाजूस तिथीपूर्वी ‘सुदी’ व ‘वदी’ किंवा ‘बदी’ हे शब्द येतात. या शब्दांची व्युत्पत्ती या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. ‘शुक्ल’ वा ‘शुद्ध’ यातील पहिले अक्षर आणि ‘दिन’ वा ‘दिवस’ यातील पहिले अक्षर मिळून ‘सुदी’ झाला. ‘बहुल दिन’ यापासून ‘बदी’ व ‘वदी’ झाले. आजच्या परिभाषेत ज्याला आद्याक्षरी शब्द म्हणतात त्याचे हे जुने भारतीय उदाहरण होय. लेखनातील खूण बोलण्यात उतरली, तिला स्वतंत्र शब्दाचा दर्जा मिळाला आणि मूळ विस्तार विस्मरणात गेला.

मराठीत याच ठिकाणी ‘शुद्ध’ व ‘वद्य’ हे शब्द वापरले जातात. वाचकाला साहजिकच वाटते की ‘वदी’च्या जागी ‘वद्य’ ठेवले की भाषांतर पुरे झाले. प्रत्यक्षात तसे नाही. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात तो अमावास्येला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच राहते. वद्य पक्षात मात्र जयपूरचा महिना एका नावाने पुढे असतो.

जयपूर नगराच्या स्थापनेची तिथीच याचे उत्तम उदाहरण आहे. ही तिथी पौष वदी १, संवत् १७८४ अशी दिली जाते आणि तिचा इसवी दिनांक १८ नोव्हेंबर १७२७ असा सांगितला जातो. हा दिनांक ज्युलियन गणनेचा आहे. ग्रेगोरियन गणनेने तो २९ नोव्हेंबर येतो. पुण्यातील पंचांगानुसार तोच दिवस मार्गशीर्ष वद्य १, शके १६४९ हा होय. ‘वदी’चा विस्तार ‘वद्य’ असा करून महिना ‘पौष’च ठेवला आणि मग मराठी जंत्रीत दिनांक शोधला, तर नगराची स्थापना जवळजवळ एक महिना पुढे ढकलली जाते. चूक अक्षरांत नसते. करार बदलला आहे हे लक्षात न घेण्यात असते. लढाया आणि तहनामे यांच्या बाबतीत महिनाभराचा हा फरक कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करू शकतो.

५. संपादनातील मूक विस्तार

छापील आवृत्ती तयार करताना संपादकापुढे दोन मार्ग असतात : संक्षेप जसाच्या तसा ठेवावा, किंवा तो पूर्ण शब्दाने भरून काढावा. पहिल्या मार्गाने पुरावा राहतो, पण वाचक अडखळतो. दुसऱ्या मार्गाने वाचन सुकर होते, पण मूळ कागदात काय होते आणि संपादकाने काय भरले हे कळेनासे होते. रा॥ चा ‘राजश्री’ झाला की तेथे ‘रवाना’ची शक्यता होती काय, हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही.

युरोपीय विद्येलाही हा पेच परिचित आहे. मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांतील संक्षेपांचा कोश आद्रियानो कापेल्ली यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे चौदा हजार रूपे नोंदलेली आहेत. ग्रीक व लॅटिन शिलालेखांच्या संपादकांनी १९३१ मध्ये लायडन येथे काही संकेत ठरविले. संपादकाने भरलेली अक्षरे गोल कंसात द्यावीत, हा त्यांपैकी एक. कंसाचा हा साधा नियम मूलगामी आहे : विस्तार हा मूळ मजकुराचा भाग नसून वाचन आहे, हे तो उघडपणे मान्य करतो.

६. संरचित मजकूर : दोन्ही रूपे एकत्र जपणे

छापील पानावर एका जागी एकच रूप राहू शकते. संगणकीय संरचित मजकुराला हे बंधन नाही. मजकुरातील प्रत्येक घटकाला ‘हे शीर्षक’, ‘हे व्यक्तिनाम’, ‘हा संक्षेप’ अशी खूण केलेली असली की मजकूर संरचित झाला असे म्हणतात. अशा खुणांसाठीची एक्सएमएल ही भाषा १९९८ मध्ये प्रमाणित झाली. तांत्रिक पुस्तिकांसाठी डॉकबुक व डिटा या खूणपद्धती विकसित झाल्या. साहित्यिक व ऐतिहासिक संहितांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमाने आपली पद्धती घडविली. टीईआय हे तिचे प्रचलित नाव स्वतःच आद्याक्षरी आहे.

टीईआयच्या आधीच्या आवृत्त्यांत संपादकाला एक बाजू मुख्य धरावी लागे. संक्षेपाची खूण करून विस्तार तिचा गुणधर्म म्हणून नोंदवावा, किंवा याच्या उलट करावे. २००७ मधील पाचव्या आवृत्तीने ‘पर्याय’ या अर्थाची खूण आणली. तिच्या पोटात संक्षेप आणि विस्तार ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी व समान दर्जाने राहतात. विस्ताराला तो कोणी केला आणि किती खात्रीने केला, हेही गुणधर्म जोडता येतात. लायडनच्या कंसाने जे एका ओळीत साधले, ते येथे अधिक तपशिलाने साधते.

तांत्रिक लेखनातील पद्धती या ठिकाणी थोडी वेगळी आहे. डिटामध्ये प्रत्येक संक्षेपाची नोंद एका स्वतंत्र शब्दसूचीत असते आणि मजकुरात केवळ त्या नोंदीचा निर्देश असतो. पुस्तिका छापताना पहिल्या उल्लेखाच्या जागी पूर्ण रूप आणि पुढे सर्वत्र संक्षिप्त रूप आपोआप उतरते. हा फरक दोन लेखनसंस्कृतींचा आहे. आधुनिक पुस्तिकेला आपला वाचक अनोळखी आहे याची जाणीव असते, म्हणून ती संक्षेपाची ओळख करून देते. अठराव्या शतकातील कारकुनाला आपला वाचक पुरता ठाऊक असतो, म्हणून तो पहिल्याच अक्षरापासून संक्षेप वापरतो. जुन्या कागदाचा संपादक नकळत पहिल्या प्रकारच्या वाचकासाठी दुसऱ्या प्रकारचा मजकूर सिद्ध करीत असतो.

७. कमांड-लाइन साधनाचे कार्य

शेकडो पत्रांत खुणा हाताने करणे कष्टाचे आणि विसंगतीला वाव देणारे असते. येथे कमांड-लाइन साधने उपयोगी पडतात. पडद्यावरील चित्रे व खिडक्या यांच्याऐवजी टंकित आज्ञेने चालणारी ही साधने होत. मजकुरातून विशिष्ट आकृतिबंध शोधून देणारे ‘ग्रेप’ हे त्यांपैकी सर्वपरिचित साधन. त्याचे नावही एका जुन्या संपादन-आज्ञेतील अक्षरांपासून बनले आहे. ‘ऑक’ हे दुसरे साधन आहो, वाइनबर्गर व कर्निघन या तीन कर्त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे धारण करते. लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत संक्षेपसूची तयार करणारे ‘मेकग्लॉसरीज’ हे साधनही अशाच आज्ञेने चालते.

जयपूरविषयक पत्रांच्या संग्रहावर असे साधन चालवायचे झाल्यास कामाचे पाच टप्पे कल्पिता येतात.

पहिला टप्पा एकरूपतेचा. जोडकाना, एक दंड, दोन दंड आणि टिंब अशा भिन्न प्रकारे टंकलेली एकच खूण एका संकेतात आणावी लागते. मूळ टंकलेखनाची प्रत मात्र वेगळी जपून ठेवावी.

दुसरा टप्पा शोधाचा. अक्षरापुढील दंड संक्षेपाच्या यादीत टाकावा, अंकापुढील दंड अपूर्णांकाच्या यादीत टाकावा, ओळीच्या वा वाक्याच्या शेवटचा दंड तिसऱ्या यादीत टाकावा. हा नियम एका ओळीच्या आज्ञेत मावतो आणि रुपयांचा वर सांगितलेला घोटाळा टाळतो. वाक्याच्या अंती आलेल्या संक्षेपांचा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो. ती स्थळे माणसानेच तपासावीत.

तिसरा टप्पा संदर्भसूचीचा. प्रत्येक संक्षेप, त्याच्या मागचे-पुढचे चार-पाच शब्द आणि पत्रक्रमांक अशी यादी साधन तयार करते. रा॥ ची सर्व स्थळे एकाखाली एक लागली की मायन्यातील आणि अखेरीची असे त्यांचे दोन गट डोळ्यांना दिसू लागतात.

चौथा टप्पा नोंदवहीचा. प्रत्येक संक्षेपाची नोंद एका कोष्टकात करावी. त्यात चिन्ह, संभाव्य विस्तार, येण्याचे स्थान, विषयक्षेत्र आणि कोणत्या दरबाराची परंपरा, असे रकाने असावेत. शेवटचा रकाना जयपूरच्या संदर्भात अनिवार्य आहे. ‘वदी’ व ‘वद्य’ यांच्यासमोर महिना पौर्णिमान्त की अमान्त हे लिहिलेले नसेल, तर ती नोंद अपुरी समजावी.

पाचवा टप्पा पडताळणीचा. नोंदवहीत नसलेला कोणता संक्षेप मजकुरात आला, नोंदवहीतील कोणती रूपे कधीच वापरली गेली नाहीत, एकाच स्थानी एकाच रूपाला दोन संपादकांनी दोन विस्तार दिले काय, हे साधन क्षणात सांगते. त्यानंतर एकाच मूळ फाइलमधून दोन आवृत्त्या काढता येतात : एक संक्षेप जपणारी, अभ्यासकांसाठी, दुसरी विस्तारित, सामान्य वाचकांसाठी.

अशा साधनाचा मुख्य लाभ वेगाचा नाही. दिलेली आज्ञा जपून ठेवता येते, दुसऱ्या अभ्यासकाला देता येते आणि तीच आज्ञा त्याच मजकुरावर चालविली की तेच उत्तर मिळते. संपादकाचा निर्णय अशा रीतीने तपासता येण्याजोगा होतो. मूक विस्ताराच्या परंपरेत नेमके हेच नव्हते.

८. साधनाची मर्यादा

यंत्र संक्षेप शोधते, मोजते आणि विसंगती दाखविते. विस्तार कोणता हे ते ठरवू शकत नाही. कोष्टकात ‘पा॥ म्हणजे परगणे’ एवढीच नोंद असेल तर ‘पत्र पा॥’ या जागीही ते निमूटपणे ‘पत्र परगणे’ करील आणि संग्रहातील प्रत्येक पत्रात करील. हाताने झालेली चूक एका पानापुरती असते. नियमातून झालेली चूक सर्व पानांवर सारखीच पसरते आणि तिच्या सारखेपणामुळेच खरी वाटू लागते. म्हणून आपोआप भरलेला विस्तार आणि माणसाने तपासलेला विस्तार यांत भेद करणारी खूण मजकुरात असणे आवश्यक ठरते. ज्या जागी निर्णय होत नाही तेथे दोन्ही विस्तार खात्रीच्या प्रमाणासह नोंदवावेत. अनिर्णय नोंदविणे हेही संपादनच होय.

संकेतही कालौघात बदलतात, हे ध्यानात ठेवावे लागते. १९९७ मधील एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत ‘संक्षेप’ व ‘आद्याक्षरी शब्द’ यांसाठी दोन वेगळ्या खुणा होत्या. कोणते रूप कोणत्या वर्गात घालावे यावर एकमत न झाल्याने लेखकांचा गोंधळ होत असे. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीने दुसरी खूण वगळली. ‘सुदी’ हा संक्षेप की शब्द, या प्रश्नाची अडचण येथे नव्या रूपात भेटते. म्हणून नोंदवही साध्या, कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असावी. खूणपद्धती बदलली तरी किल्ली हरवू नये.

९. निष्कर्ष

संक्षेपाचा विस्तार म्हणजे एका अर्थी भाषांतरच होय. त्यात मूळ आणि अनुवाद दोन्ही समोर असणे, अनुवादकाचे नाव माहीत असणे आणि शंकेची जागा उघडी असणे या अपेक्षा येथेही लागू होतात. पुण्याचा ‘वद्य’ आणि जयपूरचा ‘वदी’ यांच्यात एका महिन्याचे अंतर आहे, ही माहिती कोणत्याही आज्ञावलीत आपोआप येत नाही. ती पंचांग, इतिहास आणि दोन भाषांच्या लेखनरूढी जाणणाऱ्या अभ्यासकाकडूनच येते. आज्ञावली ती माहिती एकदा नोंदवून घेते आणि मग कोणत्याही पत्रात तिचा विसर पडू देत नाही. हजारो मोडी कागद देवनागरीत आणण्याचे काम ज्या काळात यंत्राच्या हाती जाऊ लागले आहे, त्या काळात लिप्यंतराइतकेच संक्षेपांच्या नोंदवहीला महत्त्व देणे अगत्याचे आहे. अक्षरे ओळखता आली तरी करार कळल्याशिवाय कागद वाचला असे होत नाही.